म्हादाची पकड

म्हादा राऊतशी बोलायचं म्हणजे आधी आपलं मनगट त्याच्या ताब्यात द्यावं लागायचं. गोष्ट वांग्याची असो की पावसाची, तो तुमचं मनगट धरायचा आणि त्याचं सांगून होईपर्यंत सोडायचा नाही. आमच्या वाशीमकडच्या मालेगावच्या बाजारात माणसं त्याच्या पालापुढे हात पाठीमागे बांधून उभी राहायची. त्याच्या हातांना हात म्हणायचं ते सवय म्हणून, खरं तर ते पंजे होते. बोटं आखूड, जाड, दोन नखं कायमची काळी. मान जवळजवळ नाहीच. आणि या सगळ्यावर एक अगदी लहान पोराचं हसू.

आता गावात त्याची आठवण निघाली की लोक त्याला वीर म्हणतात. मला त्या म्हणण्याचा राग येतो. ज्यांनी त्याच्या हातचा मार खाल्ला नाही, त्यांनी त्याला वीर म्हणू नये. मी खाल्ला आहे. आम्ही एका वयाचे, एका शाळेतून पळून गेलेले आणि पुढे हुतूतूच्या एका संघातले. मी संघात होतो तो आकडा भरायला. एकदा समोरचा गडी माझ्या बाजूने निसटला, तर म्हादाने डाव थांबवून आधी मला दोन कानफटात ठेवून दिल्या आणि मग पुढे खेळला. संध्याकाळी घरी येऊन आईच्या हाती मुळ्याची जुडी देऊन गेला. माफी वगैरे काही नाही.

त्याला आई नव्हती. घरात दोघंच, तो आणि त्याचा बाप. बापाला सगळा गाव गोविंदबाबा म्हणायचा. गावाबाहेर नाल्याकाठी त्यांची भाजीची वाडी होती. वांगी, मिरची, कांदे आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. बापलेक दिवसभर एकमेकांवर खेकसायचे. त्या वाडीतून भांडणाचा आवाज आला नाही तर शेजारचे लोक चौकशीला जायचे.

एका पहाटे रताळ्याच्या वाफ्यात रानडुक्कर शिरलं. म्हादाने हातात काठी असताना ती टाकून दिली आणि डुकराचा मागचा पाय धरला. डुकराने वळून त्याची मांडी फाडली. तो ओरडला नाही, पाय सोडलाही नाही. दुसऱ्या हाताने धोंडा उचलून त्याच्या डोक्यात घालत राहिला. डुक्कर त्याला फरफटत नाल्यापर्यंत घेऊन गेलं तेव्हा गोविंदबाबा कुऱ्हाड घेऊन पोचले आणि त्यांनी तीन घावांत ते संपवलं. मी टाके घालताना बघायला गेलो होतो. बाबा त्याच्यावर खेकसत होते.

"जाऊ देल्लं असतं त काय बिघडलं असतं बे? दोन रताळे खाल्ले असते त्यानं."

"धरला होता ना बाबा," म्हादा म्हणाला. "धरल्यावर कसा सोडू?"

यात त्याला काही विनोद वाटत नव्हता, आणि मोठेपणाही वाटत नव्हता. पाणी उताराला जातं तसं त्याच्या दृष्टीने धरलेलं सोडायचं नसतं, एवढंच. हुतूतूत हा गुण सोन्याचा होता. समोरचा गडी दम घेऊन आमच्या अंगणात शिरला आणि म्हादाच्या हाती त्याचा घोटा लागला की आम्ही बाकीचे नुसते टाळ्या वाजवायचो. मधल्या रेघेपासून वीतभर अंतरावर मोठमोठे पैलवान मातीत नखं रुतवून दम टाकून द्यायचे. पण दम संपला, पंचाची शिट्टी वाजली, तरी म्हादाचा हात लगेच उघडायचा नाही. त्याला सांगावं लागायचं. कधी दोघांनी मिळून बोटं उकलावी लागायची. आम्ही यावर हसायचो. आमच्यापैकी एकालाही यात काही वावगं वाटलं नाही, हे खरं आहे.

केनवडच्या संघात रहीम म्हणून एक गडी होता. नालबंदाचा पोरगा. बाप वारल्यापासून बैलांना नाल ठोकायचं काम तोच करायचा. घरी फक्त आई. उंच, लांब पायांचा, आणि दम असा की आमचे दोन गडी बाद करून वर आमच्या पाठीवर थापटी मारून जायचा. त्याचा मामू पलटणीत होता. लढाई सुरू झालेली होती, भरती जोरात होती, आणि रहीमची छाती, उंची सगळं मापून झालं होतं. पोळा झाला की जायचं असं ठरलं होतं. तो खाकी कपड्यांच्या गोष्टी अशा सांगायचा की जणू घालूनच आला आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, केनवडात सामना होता. शेवटच्या डावात रहीम आमच्या अंगणात आला. दोघांना शिवला आणि मागे उडी घेतली. म्हादाने जमिनीला आडवं होत त्याचा डावा घोटा धरला. रहीमचा हात रेघेपासून चार बोटांवर. चौघं जण त्याच्या अंगावर पडले. दम तुटला. शिट्टी वाजली. वरचे चौघं उठले, रहीमही उठायला गेला, आणि म्हादाने त्याच क्षणी पाय पिळून मागे ओढला. बाभळीची वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला. नडगीचं हाड कातडी फोडून बाहेर आलं.

रहीम ओरडला ते मी इथे लिहीत नाही. त्यानंतर केनवडच्या लोकांनी काठ्या काढल्या. आमच्या एकाचा खांदा निखळला, माझं डोकं फुटलं. एका म्हाताऱ्याने म्हादाच्या पाठीत गाडीची खुंटी घातली. म्हादा मार चुकवत नव्हता. तो गुडघ्यावर बसून आपल्या हाताकडे बघत होता. हात अजून त्या घोट्यावरच होता, आणि हे त्याला तेव्हाच कळलं असावं. मग त्याने एकेक बोट स्वतःच उघडलं.

आमच्याकडे तेव्हा एक रीत होती. खेळात कोणी कोणाचं हाड मोडलं, तर कोर्टकचेरी नाही. मोडणाऱ्याने जखमी माणसाच्या घरी जाऊन त्याचं काम करायचं. तो बरा झाला की चार जाणत्यांसमोर त्याने याला भाकरी द्यायची आणि म्हणायचं, "जा, फिटलं." तेवढं म्हटलं की दोघं मोकळे, पुढे मनात काही ठेवायचं नाही. तो शब्द मिळाल्याशिवाय आलेला माणूस मात्र सुटला असं कोणी धरत नसे.

म्हादा केनवडात राहायला गेला. बैलाला नाल ठोकायची तर आधी बैल दोरांनी पाडावा लागतो, चारी पाय बांधावे लागतात आणि नालबंद खिळा मारेपर्यंत पाय दाबून धरावा लागतो. पाडण्याचं आणि धरण्याचं काम आता म्हादाचं. रहीम पायाला बांबूच्या कामट्या बांधून बाजेवर बसायचा आणि बसल्या बसल्या ठोकायचा. मी आठवड्याला बाबांचा निरोप आणि भाजी घेऊन जायचो, म्हणून हे पाहिलेलं सांगतो. दोघांच्या डोक्यांत हातभराचं अंतर असायचं आणि रहीम त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. बैलाच्या मालकाशी बोलायचा, माझ्याशी बोलायचा, बैलाशीसुद्धा बोलायचा. म्हादाला काही सांगायचं तर आईकडे वळून म्हणायचा, "अम्मी, त्याले सांग, पाय खाली घे."

अम्मी दाराशी उभी असायची, म्हादा समोर चार हातांवर. तरी ती मुकाट सांगायची, "म्हादबा, पाय खाली घे म्हणते."

म्हातारीचा त्याच्यावर राग टिकला नाही. त्या काळी आमच्या लोकांनी तिच्या हातचं खाणं जमणारं नव्हतं, म्हणून ती शिधा द्यायची आणि हा लिंबाखाली तीन दगडांवर शिजवायचा. ती उंबऱ्यातून ओरडायची, "अरे मीठ टाकलं का? पलटव, करपून राह्यली." भाकरी रोज करपायची. रहीम तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसायचा.

एक दिवस एक नवा खोंड पडता पडता उसळला आणि त्याचा खूर म्हादाच्या तोंडावर बसला. पुढचे दोन दात गेले, ओठ नाकापर्यंत फाटला. खोंड तसाच उठला असता तर बाजेवरच्या रहीमला तुडवून गेला असता. म्हादाने पाय सोडला नाही. रक्त त्या खुरावर, नालेवर, रहीमच्या हातांवर पडत होतं. रहीमने खिळे मारून पुरे केले, हातोडी खाली ठेवली आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. तो आईला म्हणाला, "अम्मी, हळद दे."

मला त्या दिवशी रहीमचा फार संताप आला. म्हादा मला वेशीपर्यंत सोडायला आला तेव्हा वाटेत मी त्याच्याजवळ तसं बोललो, तर त्याने माझं मनगट असं दाबलं की डोळ्यांत पाणी आलं.

"पाय त्याचा गेला," तो फाटक्या ओठाने म्हणाला. "तुहा नाही गेला."

होळीपर्यंत रहीम काठी घेऊन चालायला लागला. पण हाडवैद्याने बांधलेलं हाड वाकडं जुळलं होतं. डावा पाय दोन बोटं आखूड राहिला. जाणते लोक जमले आणि रहीमला म्हणाले, आता म्हण. रहीम म्हणाला, "पाय पह्यल्यासारखा झाला की म्हणतो." शेवटी त्यांनीच म्हादाला सांगितलं, खूप राबला, घरी जा. तो आला. पण नालेच्या हंगामात बोलावल्याशिवाय केनवडला जायचा, बैल पाडायचा, पाय धरायचा आणि न बोलता परत यायचा. हुतूतू त्याने सोडलं होतं. अंगणाच्या कडेला उभं राहूनसुद्धा बघायचा नाही.

मग एका सकाळी वाडीतून नेहमीपेक्षा मोठा आवाज आला. मी गेलो तर गोविंदबाबा मोटेच्या नाड्याने त्याला मारत होते. ओला, जाड नाडा. म्हादा विहिरीच्या थारोळ्याजवळ, मोटेचं पाणी पडतं तिथे, पाठ देऊन उभा. पाठीवर वळ उठून त्यातून रक्त यायला लागलं होतं. तो वाशीमला जाऊन पलटणीत नाव लावून आला होता.

"पाय त्याचा मोडला, डोस्कं तुहं काहून फिरलं?" बाबा म्हणाले आणि पुन्हा मारलं.

"बाबा, त्याचं काम राह्यलं ना."

"कोनतं काम? नाला ठोकत होता थो."

"पलटणीत जाऊन राह्यला होता. माह्यापायी राह्यलं थे. मंग थे कोन करन?"

बाबांचा हात थांबला. रीतीप्रमाणे तो बोलत होता त्यात चूक काढता येत नव्हती, आणि इतकी मोठी चूक मी आयुष्यात दुसरी ऐकली नाही. मोडणाऱ्याने दुसऱ्याचं काम करायचं, ही रीत ज्यांनी घातली त्यांच्या डोळ्यांसमोर नांगर असेल, कोळपणी असेल. लढाई नव्हती. मी हे त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मनगट धरून, आणि हसला. दात नसल्यामुळे ते हसू आता आणखीच लहान पोराचं दिसायचं.

वाशीमच्या स्टेशनावर आम्ही आठ-दहा जण पोचवायला गेलो. गोविंदबाबा आले नाहीत. त्यांनी गाठोड्यात कांदे आणि मिरच्या बांधून दिल्या होत्या. गाडी लागली, नवे भरती झालेले चढले, म्हादा खिडकीशी बसला. तेवढ्यात फलाटावरून काठी टेकत रहीम येताना दिसला. केनवडहून रात्रभर बैलगाडीत बसून आला होता. तो खिडकीपाशी आला आणि थेट म्हादाच्या डोळ्यांत बघत बोलला.

"माहा धरला तसा तिथं त्यायच्या एखाद्याचा धरजो. सोडू नको. मंग म्हणीन फिटलं."

तो हे रागाने बोलला, की थट्टेने, की दुसरं काही बोलता येईना म्हणून, ते मी आजही सांगू शकत नाही. गाडी हलली. म्हादाने खिडकीतून कमरेइतकं अंग बाहेर काढलं. त्याला आनंद मावत नव्हता. "बोलला," तो मला ओरडून सांगत होता, "ऐकलं का बे? माह्याशी बोलला." मग आत वळून शेजारच्या अनोळखी गड्याचं मनगट धरून त्यालाही तेच सांगायला लागला. मी त्याला शेवटचं पाहिलं ते असं.

पुढे तार आली. तारेत जे असतं ते होतं. बाबांनी ती मला वाचायला लावली, मग परत घेऊन पागोट्यात खोचली आणि मिरचीला पाणी द्यायला गेले.

लढाई संपल्यावर आसेगावचा शेषराव म्हणून म्हादाच्या तुकडीतला एक जण भेटायला येतो असा सांगावा आला. त्या दिवशी वाडीत बाबा, मी आणि केनवडहून आलेला रहीम असे बसलो होतो. शेषरावाला गोड करून सांगता येत नव्हतं. त्याने जसं झालं तसं सांगितलं.

ब्रह्मदेशात एका टेकडीवर त्यांचे खंदक होते. दिवस उजाडताना जपानी वर चढून आले. गोळ्या संपल्या आणि मग संगिनी, फावडी, दगड, जे हाती लागेल ते. एक जपानी दोन्ही हातांत हातगोळे घेऊन यांच्या खंदकावरून उडी मारून पुढे निघाला. पुढच्या खंदकात जखमी ठेवले होते. म्हादाच्या पोटात तोवर संगीन गेलेली होती. तो खंदकात पडलेला होता. तिथून त्याने हात वर काढून त्या जपान्याचा पाय धरला.

"आमी सारे ओरडून राह्यलो, सोड म्हादा, सोड. त्याच्या हातात गोळा हाये. त्यानं वाकून ह्याच्या डोक्यात बुटाचे ठोके घातले. तोंडाचा चेंदामेंदा केला. ह्यानं सोडला नाही. मंग गोळा फुटला." शेषराव थांबला. "मागून आमी दोघायले येगळं कराले गेलो. हात पायाले तसाच होता. सुटला नाही. तसंच पुरलं."

मग रहीमने विचारलं, "कोनता पाय?"

"काय?"

"त्यानं धरला थो. कोनता पाय होता?"

"डावा," शेषराव म्हणाला.

रहीम उठला तो काठी न घेताच. त्याने शेषरावाच्या नरड्याला हात घातला, त्याला बांधावर आडवा पाडला आणि तोंडावर बुक्क्या मारायला लागला. "तुमी काहून नाही सोडवलं त्याले? तुमी काय करून राह्यले होते?" मी त्याला मागून ओढलं, त्याने माझ्या छातीत लाथ घातली. शेषराव मार खात होता, उलटून मारत नव्हता. शेवटी गोविंदबाबा उठले, त्यांनी रहीमच्या कानफटात एक दिली आणि त्याला हाताला धरून बसवलं. मग घरात गेले, भाकरी घेऊन आले आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"म्हण आता," बाबा म्हणाले. "त्यानं धरला. सोडला नाही. तू म्हणला होता त म्हणून टाक. पोरगं अडकलं असन."

बापाची एवढीच मागणी होती. देह मिळाला नाही, राख मिळाली नाही, तो एक शब्द मिळाला असता. रहीमने भाकरी हातात घेतली, तोंड उघडलं, दोनदा उघडलं. त्याने भाकरी बाबांच्या पायाशी ठेवली.

"नाही म्हणता येत बाबा. त्याच्यावर काई राह्यलंच नाही. आता माह्यावर हाये."

तो केनवडला परत गेला आणि पंधरवड्याने आईला आणि हत्यारांच्या पेटीला गाडीत घालून मालेगावात आला. सकाळी वाडीतली मोट हाकायची, दुपारी रस्त्याकडेला नाला ठोकायच्या. मोटेचे बैल घेऊन उतारावर खालीवर करणं धडधाकट माणसाला दमवतं. हा लंगडत करायचा. पहिल्या महिन्यात तीनदा पडला, एकदा बैलाखाली सापडता सापडता वाचला. गावात लोक बोलले, दोन्हीकडचे बोलले. त्याने कोणाला उत्तर दिलं नाही. बाबा त्याच्यावर दिवसभर खेकसायचे, तो उलट खेकसायचा, आणि त्या वाडीतून पुन्हा भांडणाचे आवाज यायला लागले.

अशी कित्येक वर्षं गेली. अम्मी वारली, रहीमचे केस पिकले, बाबांना दिसेनासं झालं. एकदा मी त्यांच्याजवळ बांधावर बसलो होतो. रहीम मोट हाकत होता. पाणी सांबाराच्या वाफ्यात फुटलं होतं. त्याच्या आवाजावरून बाबांना ते कळलं आणि त्यांनी तिकडे एक सणसणीत शिवी हासडली. तिकडून तशीच परत आली. बाबा हसले. मला राहवलं नाही. मी म्हणालो, बाबा, रहीमने राबून हाडं झिजवली. आता तरी चार माणसं बोलवा, त्याला भाकरी द्या, फिटलं म्हणा, मोकळा करा त्याला.

बाबांनी चाचपडत माझं मनगट शोधलं आणि धरलं.

"म्हणलो त जाईन ना थो," ते म्हणाले.